थरथरते की डुलते

“गाडी हिल रही थी,” एवढंच तिनं सांगितलं. हेल्मेट ओट्यावर ठेवलं, माठातलं पाणी उभ्यानंच प्यायली आणि दोन्ही मुठी पुढे धरून दाखवल्या. मुठी थरथरत होत्या.

मी कणीक मळत होते. “केव्हा?”

“ट्रक को ओवरटेक कर रही थी. अस्सी के ऊपर गई, तब.”

“पडली का?”

“गिरती तो यहाँ खड़ी रहती क्या मम्मी?”

माझी मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देते. शाळेपासून हे असंच आहे. रायपुरात आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्या मराठी घरांत हेच चालतं. आई मराठीत ओरडते, पोरं हिंदीत कटकट करतात आणि कुणाचं काही अडत नाही. या वेळी अडलं.

मी सरकारी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. हायवेवर दुचाकी ‘हलली’ म्हणजे पुढे काय काय होऊ शकतं, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आमच्या वॉर्डातल्या अर्ध्या खाटा त्यावरच चालतात. मुलगी कुम्हारीच्या पुढे एका दुधाच्या प्लांटमध्ये लॅबला आहे. प्लांट स्टेशनपासून लांब आणि तिची शिफ्ट सुटते तेव्हा परतीची गाडी निघून गेलेली असते. म्हणून मोटरसायकल. एका ओळखीच्याची वापरलेली गाडी आम्ही घेतली होती. चालवायला मीच शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीला गावाकडच्या आरोग्य केंद्रात होते, तेव्हा मोटरसायकल चालवण्यावाचून इलाज नव्हता. त्यामुळे मुलगी हायवेनं जाते याची मला कधी भीती वाटली नाही. ट्रकांची वाटायची. गाडीची नाही.

नवरा रेल्वेत आहे. त्याला सगळं संध्याकाळी कळलं आणि त्याचा निकालही लगेच लागला. “विकून टाकू. माझ्या ऑफिसातला एक जण आपल्या पोट्ट्यासाठी गाडी पाहूनच राहिला. रविवारी बोलावतो त्याले.”

“अन् त्याले सांगाल का, अस्सीच्या वर हलते म्हणून?”

“तसं सांगितलं तर कोण घेईन?”

“मंग?”

तो टीव्हीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “त्याचा पोट्टा कॉलेजात जाते. गावातल्या गावात. तो काहून जाईन अस्सीवर?”

कॉलेजात जाणारा पोट्टा काहून अस्सीवर जाईल, हे विचारायला माणूस रेल्वेतलाच लागतो. मी त्याला तसं सांगितलं. आमच्या वॉर्डात येणारी पोरं गावातल्या गावातच जात असतात. त्यातलं एक मी माझ्या हातानं पाठवणार नव्हते. म्हणजे गाडी दुरुस्त व्हायला हवी होती. आम्ही ठेवली तरी आणि विकली तरी. आणि ती ठेवली नाही तर मुलीची नोकरी राहत नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

“रविवारपर्यंत मले वेळ द्या,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मला सुटी होती. गाडी मी मिस्त्रीकडे नेली. आमचा मिस्त्री सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत बसतो. जुना माणूस, कामाला चोख. माझी मोपेड वर्षानुवर्षं त्याच्याकडेच असते.

“क्या तकलीफ है दीदी?”

“हैंडल काँपता है. अस्सी के ऊपर.”

आता मागे वळून पाहिलं तर सगळं या एका वाक्यात आहे. पण तेव्हा मला ते अगदी बरोबर वाटलं. मी स्वतः पाहिलं होतं ना, तिनं मुठी धरून दाखवलेल्या!

मिस्त्रीनं पुढचं चाक उचलून गाडी टेकवली, हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवलं, मग दोन्ही शॉकअप हातात धरून पुढे-मागे ओढले. “हव दीदी, कोनसेट ढीला है.” हँडल ज्या दोन छऱ्यांच्या रिंगांवर फिरतं, त्याला ते लोक कोनसेट म्हणतात. खरंच थोडा ढिला होता. मलाही हाताला ते जाणवलं. त्यानं तो कसला, पुढचं चाक फिरवून पाहिलं, चाकाच्या तारेला एक छोटंसं वजन लावलं आणि गाडी घेऊन चक्कर मारायला गेला.

कुठे गेला? तर सदर बाजारात. सोनारांच्या दुकानांसमोरून, कापडाच्या गाठोड्यांच्या मधून, एका गाईला वळसा घालून परत. त्या रस्त्यावर वीसच्या वर जायचं असेल तर आधी बाजार उठवावा लागेल.

“मक्खन!” तो उतरून म्हणाला.

मीही चालवत घरी आणली. मक्खनच होती. तीसवर कुठली गाडी मक्खन नसते?

दुसऱ्या सकाळी मुलगी ती घेऊन गेली. त्या दिवशी ड्युटीवर मी दोनदा फोन पाहिला. मला ती सवय नाही. संध्याकाळी ती उशिरा आली. हेल्मेट काढलंच नाही, तशीच पायरीवर बसली.

“और ज़्यादा हिली. इस बार सत्तर पे ही.”

खारून नदीच्या पुलाच्या अलीकडे तिनं गाडी बाजूला घेतली होती आणि पुढचा सगळा रस्ता चाळीसच्या आत आली होती. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, एकानं खिडकीतून शिवीही दिली. हायवेवर चाळीसनं जाणंही सुरक्षित नसतं. मागून येणाऱ्याला आपण म्हणजे रस्त्यात ठेवलेला दगड.

नवऱ्यानं गाडीची किल्ली उचलून शर्टाच्या खिशात टाकली.

मी मिस्त्रीला फोन लावला. “ज़्यादा हो गया? ला दो दीदी, थोड़ा और कस देता हूँ.”

‘और कस देता हूँ’ हे ऐकल्यावर मी थांबले. औषधानं पेशंटचं दुखणं वाढलं, तर डोस वाढवत नाहीत. परत खाटेपाशी जातात आणि पहिल्यापासून विचारतात. मी त्याला म्हटलं, रुक जा, मैं बताती हूँ. आणि नवऱ्याकडे हात पुढे केला.

“किल्ली द्या.”

“काहून?”

“उद्या सकाळी मी चालवून पाहते.”

“तू? तुले काय झालं चालवून पाहायले? मी काल पेट्रोल पंपावर नेली होती. मले तर काहीच नाही जाणवलं.”

“तुम्ही कधी पन्नास तरी गाठली का?”

पायरीवरून मुलगी हसली. हेल्मेटच्या आतून. “पापा चालीस पे जाते तो बोलते, आज बहुत भगाया.”

किल्ली मिळाली, पण तो रात्री जेवला नाही नीट. “दोघींपैकी कोणाले तरी काही झालं तर मले सांगू नका,” असं म्हणाला. त्याचा अर्थ काय ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी दूधवाला यायच्या वेळेला आम्ही निघालो. मी मोटरसायकलवर, मुलगी माझ्या मोपेडवर मागे. नव्या रायपूरकडचे रस्ते रुंद आहेत आणि त्या वेळेला रिकामे असतात. तिथे तिनं मला थांबवलं आणि सूचना दिल्या, जशा मी तिला एकेकाळी दिल्या होत्या.

“मम्मी, हिलने लगे तो हैंडल कसके पकड़ना. छोड़ना मत.”

मी मान हलवली आणि निघाले.

पन्नासला काही नाही. फक्त हँडल जड वाटत होतं, बारीक वळण घ्यायचं असलं तर आधी गाडीची परवानगी मागावी लागत होती. ते कोनसेट कसल्यामुळे, हे नंतर कळलं. साठ. पुढे दूरवर कुणी नव्हतं. दुभाजकातली झाडं मागे जात होती. सत्तरच्या जवळ काटा आला आणि मी हातांकडे लक्ष दिलं, आता थरथर येईल म्हणून.

हातांना काहीच आलं नाही. सीट हलली.

सीट डावीकडे सरकली. अगदी थोडीशी, कुणी कमरेला धरून हळूच बाजूला करावं तशी. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जास्त. घाई नव्हती त्यात. हीच गोष्ट भयानक होती. चाक रस्त्यावर होतं, इंजिन नीट चालत होतं, हँडल माझ्या हातात जवळजवळ स्थिर होतं, आणि माझ्या खाली सगळी गाडी मागून डुलत होती, प्रत्येक खेपेला थोडी अधिक रुंद. माझ्या मुठी आपोआप वळल्या. ब्रेकवरची बोटं दाबायला निघाली.

झटके येणाऱ्या माणसाचे हातपाय दाबून धरायचे नसतात. हे आम्ही वॉर्डात प्रत्येक नातेवाइकाला ओरडून सांगतो आणि प्रत्येक नातेवाईक दाबून धरतो, कारण हातांना दुसरं काही सुचत नाही. तेव्हा मला कळलं का सुचत नाही ते. मी बोटं ब्रेकवरून उचलली. मुठी सैल केल्या. गुडघ्यांनी टाकी धरली, पुढे वाकले आणि गॅस थोडा थोडा सोडत गेले. डुलणं लगेच थांबलं नाही. दोन-तीन खेपा तसंच मोठं राहिलं आणि त्या वेळात मी समोरच्या सरळ पांढऱ्या पट्टीशिवाय काहीच पाहिलं नाही. मग झोका लहान झाला. साठच्या खाली आल्यावर गाडी अशी सरळ चालू लागली, जसं काही झालंच नव्हतं.

बाजूला घेऊन उतरले.

दवाखान्यात स्ट्रेचर ढकलताना हे रोज हाताखालून जातं. पुढचं चाक बिघडलं असेल तर स्ट्रेचर थरथरतं, दांड्याला मुंग्या आल्यासारखं होतं आणि पेशंट ओरडतो. मागचं चाक ढिलं असेल तर थरथर नसते. कॉरिडॉरमध्ये वेग घेतला की शेपूट फिरवायला लागतं. वॉर्डबॉयसुद्धा न पाहता सांगतो, सिस्टर, इसका पिछला गया.

मुलगी मोपेडवरून पोचली. तिनं मागून सगळं पाहिलं होतं.

“ही थरथरते की डुलते?” मी विचारलं.

“मतलब?”

“थरथरणं म्हणजे हे.” मी तिचं मनगट धरून बोटं झरझर हलवली. “अन् डुलणं हे.” तिचे दोन्ही खांदे धरून तिला हळूहळू इकडून तिकडे केलं.

“ये दूसरा वाला,” ती म्हणाली. “दोनों हिलना ही तो है. मैंने हिलना बोला था.”

“मंग मुठी काहून दाखवल्या होत्या थरथरवून?”

“मुट्ठी?” तिला आठवेना. मग आठवलं. “वो तो मैं डर गई थी ना मम्मी. मेरे हाथ काँप रहे थे.”

तिनं हँडल दाखवलंच नव्हतं. ते तिचेच हात होते. मी तिच्या भीतीचं भाषांतर करून मिस्त्रीला दिलं होतं आणि मिस्त्रीनं ती भीती पाना लावून कसली होती.

पेशंटला फक्त ‘दर्द है’ म्हणून मी कधी सोडत नाही. टोचतं का, ठणकतं का, कळ येते का, चुरचुरतं का? त्याच्याकडे शब्द नसला तर हातानं दाखवायला लावते. घरी मात्र ‘हिल रही थी’वर भागवलं होतं.

तिथूनच आम्ही सरळ मिस्त्रीकडे गेलो, गाडी पन्नासच्या आत ठेवून. दुकान उघडत होतं.

“हैंडल नहीं काँपता,” मी म्हटलं. “पीछे से झूमती है. सत्तर के ऊपर पूँछ झूमती है.”

त्यानं हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला. “पूँछ? तो पहले बोलना था न दीदी! आप बोले हैंडल, तो मैं हैंडल में घुस गया. आप बोलते पेट दुखता है, तो मैं दाँत थोड़ी उखाड़ता.”

“दाँत ही उखाड़ा तुमने,” मुलगी म्हणाली. “अच्छा वाला.”

त्यानं गाडी मोठ्या स्टँडवर घेतली. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून जोरात इकडे-तिकडे ढकललं. काही नाही. चाक घट्ट. म्हणजे हेही नाही? पण तो तसाच उकिडवा बसून विचार करत होता.

“बंधे में पता नहीं चलेगा. शॉकर खोलना पड़ेगा.”

बरोबर होतं. प्लास्टरमध्ये असलेला सांधा हलवून काय कळणार? त्यानं मागचे दोन्ही शॉकर काढले आणि चिमट्याला हात घातला. मागचं चाक दोन बाजूंनी पकडून ठेवणारा जो लोखंडी भाग असतो, त्याला चिमटा म्हणतात, कारण तो तसाच दिसतो. स्वयंपाकघरात पोळी उलटायला असतो तसा, फक्त मोठा. मिस्त्रीनं तो धरून बाजूला ढकलला.

टक्.

परत ढकलला. टक्. बारीकसा आवाज, बारीकशी हालचाल. नखाच्या जाडीइतकी. पण माझ्या घरी एक चिमटा आहे, ज्याची रिवेट ढिली झाली आहे. रिवेटपाशी ती ढिलाई दिसतही नाही. टोकाशी मात्र पोळी धरू देत नाही, एक टोक इकडे आणि एक तिकडे.

“चिमटा बुश ख़तम,” मिस्त्री म्हणाला. चिमटा ज्या खिळीवर वर-खाली होतो, तिथल्या रिंगा. त्यानं त्या ठोकून बाहेर काढल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. डावीकडची एका बाजूला घासून पातळ झालेली होती, जुन्या बांगडीसारखी. एवढ्याशा वस्तूनं मला दुभाजकाकडे नेलं असतं.

दोन्ही बुश नवे घातले, खिळीही. मागच्या टायरमध्ये हवा कमी निघाली, ती भरली. साखळीच्या दोन्ही बाजूच्या खुणा जुळवून चाक सरळ बसवलं. मग मी त्याला कोनसेटची आठवण करून दिली.

“हव, हव.” तो ओशाळून हसला. पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल मध्ये आणलं आणि सोडलं. ते जागीच अडून राहिलं. “ये देखो दीदी, इतना टाइट हो तो गाड़ी अपने को सँभाल नहीं पाती. इसीलिए सत्तर पे आ गई थी.” त्यानं नट थोडा सैल केला, पुन्हा सोडलं. या वेळी हँडल स्वतःच्याच वजनानं एका बाजूला पडलं आणि तरी शॉकअप ओढून पाहिले तर खडखडत नव्हते.

काम झालं तसा तो चक्कर मारायला सीटवर बसला.

“उतर,” मी म्हटलं. “सदर बाज़ार में नहीं.”

तपासणी शनिवारी सकाळी ठेवली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या ऑफिसातला माणूस येणार होता. नवरा स्वतःहून आला, माझ्या मागे मोपेडवर बसून, संपूर्ण रस्ता “हळू, हळू” करत. आधी मी चालवणार होते. मुलीनं किल्ली माझ्या हातातून काढून घेतली.

“मेरी गाड़ी है. हिली तो मेरे को पता है कैसे हिलती है.”

ते खरं होतं. मी नाही म्हणू शकत होते, म्हटलं नाही. फक्त सांगितलं, “डुलली तर ब्रेक नाही. मुठी सैल. गॅस हळू सोड.”

ती गेली. आवाज चढत गेला, गिअर बदलला, पुन्हा चढला आणि मग बारीक होऊन संपला. रस्ता पुढे वळतो, त्यापलीकडचं दिसत नव्हतं. नवरा रस्त्याकडे पाठ करून उभा होता आणि झाडावरची पाटी वाचत होता. पाटीवर झाडाचं नाव सोडून काही नव्हतं. त्याच दिशेनं एक भरलेला डंपर गेला, तोही वळणाआड. मी मोपेडची किल्ली हातात धरून उभी होते. दवाखान्यात मी कधी वाट पाहत नाही; वाट पाहणारे बाहेर बाकावर असतात. त्या लोकांना मी बरेचदा “बसून घ्या” म्हणते. बसवत नाही, ते तिथे कळलं.

पलीकडच्या बाजूनं ती परत आली. थांबली, हेल्मेटची काच वर केली.

“नहीं हिलती.”

नवऱ्यानं हुश्श केलं. मी केलं नाही.

“‘नहीं हिलती’ मले नाही समजत,” मी म्हटलं. “परत जा. नीट पाहून ये अन् नीट सांग.”

“मम्मी!”

“जा.”

“अवं, झालं ना आता,” नवरा म्हणाला. “काहून पाठवून राहिली पोट्टीले परत?”

“पहिल्या बारीले पण झालंच होतं.”

तिनं काच खाली आपटली आणि गेली, रागानं, म्हणजे वेगात. मला तेच हवं होतं. या वेळी डंपर समोरून येताना मला दिसला, आणि मग तिचा आवाज वळणापलीकडे खूप वेळ एकसारखा राहिला, न चढता, न उतरता.

परत आली तेव्हा तिनं इंजिन बंद केलं नाही. हेल्मेट काढलं नाही. बोटांवर मोजत, एकेक शब्द माझ्यापुढे ठेवत बोलली, शाळेत पाढे म्हणायची तशी.

“थरथरत नाही. डुलत नाही. नव्वदवर पण नाही. डंपरच्या हवेनं एकदा बाजूले ढकललं, मंग आपोआप सरळ झाली. हँडल हलकं आहे. बस? अब ड्यूटी जाऊँ?”

“जा,” मी म्हटलं.

नवऱ्यानं सवयीनं किल्लीसाठी हात पुढे केला. तिनं तो पाहिला नाही, किंवा पाहून गिअर टाकला. ती गेल्यावर त्यानं तोच हात खिशात घालून मोबाइल काढला आणि ऑफिसातल्या माणसाला सांगितलं, उद्या येऊ नका, गाडी विकायची नाही.